खंड कोणाला दिसतो?
पिना बाउश यांचे नृत्यनाट्य आणि मनाचा न उघडलेला कप्पा

दिगंबर परंपरेतील आदिपुराणात ऋषभदेवांच्या राजसभेतील एक प्रसंग येतो. नीलांजना नावाची देवांगना सभेत नृत्य करीत असते. नृत्य ऐन रंगात आलेले असताना तिचे आयुष्य संपते आणि ती दिसेनाशी होते. रसभंग होऊ नये म्हणून इंद्र त्याच क्षणी तिच्यासारखीच दुसरी नर्तकी तिच्या जागी उभी करतो. ताल चुकत नाही, वाद्ये थांबत नाहीत, सभा पूर्वीसारखीच डोलत राहते. मध्ये पडलेला खंड दिसतो तो एकट्या ऋषभदेवांना, आणि त्या एका क्षणातून त्यांच्या वैराग्याला आरंभ होतो. मथुरेच्या कंकाली टीला येथे सापडलेल्या एका प्राचीन शिल्पपट्टात हाच प्रसंग कोरला आहे, असे अभ्यासक मानतात.

ही कथा आपण अनित्यतेचा दाखला म्हणून ऐकतो, आणि ते योग्यच आहे. परंतु तिला आणखी एक बाजू आहे. खंड सर्वांच्या डोळ्यांसमोर पडला होता. तो इतरांना दिसला नाही, कारण तो झाकण्याची व्यवस्था अत्यंत चोख होती.

आपल्या घरांतही ही व्यवस्था चोख असते. घरात काही तुटते, कोणी आतून कोसळते. पण दुकान वेळेवर उघडते, चौविहाराआधी स्वयंपाक होतो, पाहुण्यांचे आतिथ्य चुकत नाही. ताल सुटत नाही. त्यामुळे खंड पडल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. व्यापारी कुटुंबात तर मन न दाखवणे हा गुणच समजला जातो. गादीवर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तोटा दिसता कामा नये, हे आपण लहानपणीच शिकतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील एका स्त्रीने नेमका हा खंड रंगमंचावर आणला. तिच्या नृत्यात तो झाकला जात नाही. ताल मुद्दाम मोडतो, नर्तक अडखळतात, तीच कृती पुनःपुन्हा करतात, आणि पाहणाऱ्याला स्वतःच्या घरातील न बोललेले काही आठवू लागते. तिचे नाव पिना बाउश. तिच्या प्रयोगशील नृत्यनाट्याची ही ओळख.

टेबलाखाली बसलेली मुलगी

पिना बाउश यांचा जन्म २७ जुलै १९४० रोजी झोलिंगेन येथे झाला. सुऱ्या, कात्र्या आणि धारदार पात्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे जर्मनीतील एक औद्योगिक गाव. आईवडील उपाहारगृह आणि त्याला जोडून राहण्याच्या खोल्या असा छोटा व्यवसाय चालवीत. काळ दुसऱ्या महायुद्धाचा होता. गावावर बॉम्ब पडत होते. आईवडील दिवसभर कामात. मुलांना वेगळा वेळ देणे शक्य नव्हते. ही धाकटी मुलगी घरकामाला हातभार लावी आणि संध्याकाळी झोपायला जावे लागू नये म्हणून टेबलाखाली लपून बसे. तेथून तिला मोठ्यांचे जग दिसे: कोण हसतो, कोण भांडतो, कोण एकटाच बसून राहतो, कोणाचे पाय टेबलाखाली अस्वस्थपणे हलत राहतात.

ज्यांचे बालपण दुकानात गेले त्यांना ही मुलगी परकी वाटणार नाही. कापडाच्या ताग्याआड किंवा गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून आपणही माणसे वाचायला शिकलो. गिऱ्हाईक तोंडाने नको म्हणते, पण हात कापडावरून हटत नाही. उधारी मागायला आलेला माणूस आधी पायातल्या चपलेकडे पाहतो. शब्दांपेक्षा देह खरे बोलतो, हे ज्ञान शाळेत मिळत नाही. ते पेढीवर मिळते. बाउश यांनी पुढे आयुष्यभर जी कला घडवली, तिचे मूळ या टेबलाखालच्या निरीक्षणात आहे.

चौदाव्या-पंधराव्या वर्षी त्या एसेन येथील फोल्कवांग विद्यालयात दाखल झाल्या. तेथे नृत्य, संगीत, नाट्य, चित्रकला आणि छायाचित्रण हे सर्व एकाच छताखाली शिकवले जाई. त्यांचे गुरू कुर्ट योस. योस यांनी १९३२ साली ‘द ग्रीन टेबल’ हे युद्धविरोधी नृत्यनाट्य रचून पॅरिसच्या स्पर्धेत पहिला मान मिळवला होता. पुढच्याच वर्षी नाझी राजवटीने ज्यू सहकाऱ्यांना काढून टाकण्याची मागणी केली, तेव्हा त्यांनी तसे करण्यास नकार दिला आणि देश सोडला. अशा गुरूकडून बाउश यांना तंत्र मिळाले आणि कलेला सचोटीही लागते हा संस्कारही मिळाला. त्यानंतर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड संस्थेत शिक्षण घेऊन १९६२ मध्ये त्या एसेनला परतल्या.

पावलांऐवजी प्रश्न

१९७३ साली त्यांची वुपरटाल शहराच्या नृत्यसंचाच्या प्रमुखपदी नेमणूक झाली. वुपरटाल हे कापड आणि रंगांच्या उद्योगावर वाढलेले, उलट्या टांगलेल्या रेल्वेसाठी ओळखले जाणारे कामकरी शहर. तेथील प्रेक्षकांना सुंदर वेशभूषेतील, हलक्या पावलांचे बॅले पाहण्याची सवय होती. त्यांच्यासमोर बाउश यांनी वेगळेच काही ठेवले. ‘नृत्य’ आणि ‘नाट्य’ हे दोन शब्द त्यांनी संस्थेच्या नावातच एकत्र आणले.

१९७५ मध्ये स्ट्राविन्स्की यांच्या ‘वसंतोत्सवाचा बळी’ या संगीतावर त्यांनी रचलेल्या प्रयोगात संपूर्ण रंगमंचावर माती पसरलेली होती. नाचता नाचता नर्तकांचे कपडे, हात, चेहरे मातीने माखत. एक लाल वस्त्र स्त्रियांच्या हातांतून फिरत राही. ते जिच्या अंगावर येईल तिला बळी जावे लागणार, हे सर्वांना ठाऊक. प्रत्येकीच्या अंगातील भीती तिच्या श्वासातून प्रेक्षकांना ऐकू येई. येथे भीतीचा अभिनय नव्हता. जड मातीत नाचून खरोखर दमलेली शरीरे होती.

सुरुवातीची काही वर्षे प्रेक्षकांनी हे स्वीकारले नाही. प्रयोग चालू असताना लोक उठून जात, जाताना दारे आपटत. बाउश मात्र आपल्या वाटेवरून हटल्या नाहीत.

१९७८ मध्ये त्यांच्या कार्यपद्धतीला निर्णायक वळण मिळाले. बोखुम शहराच्या नाट्यगृहासाठी शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’वर आधारित एक कृती त्यांना करायची होती. संचात नर्तक होते, नट होते आणि एक गायिकाही होती. सर्वांना सारखी पावले शिकवणे शक्य नव्हते. मग त्यांनी पावले बाजूला ठेवली आणि प्रश्न विचारायला आरंभ केला.

पुढील तीन दशके हीच त्यांची रीत राहिली. तालमीला त्या कागद आणि पेन्सिल घेऊन बसत. प्रश्न साधे असत: भीती वाटली की तुम्ही काय करता, लहानपणचा कोणता स्पर्श आठवतो, कोणाला आवडावे म्हणून तुम्ही काय करता. नर्तकाने शब्दांत उत्तर द्यावे, हावभावात द्यावे किंवा गप्प राहावे. बाउश ते टिपून घेत. त्यावर बरे-वाईट असा शेरा नसे. अनेक दिवसांत जमलेल्या उत्तरांपैकी फारच थोडी निवडली जात. ती एकमेकांशेजारी ठेवून, पुनःपुन्हा बदलून त्यांतून एक प्रयोग उभा राही. माणसे कशी हालचाल करतात यापेक्षा त्यांना आतून काय हलवते, हे जाणण्यात त्यांना रस होता.

आपल्या नाट्यशास्त्राला देह आणि मन यांचे नाते अनोळखी नाही. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, कंप, विवर्णता, अश्रू आणि प्रलय हे आठ सात्त्विक भाव म्हणजे मनाने देहावर उमटवलेल्या खुणाच होत. शास्त्रीय नर्तकी भावाची ओळख करून घेते आणि त्याला नेमके रूप देते. बाउश यांनी उलट दिशेने प्रवास केला. त्यांनी रूप आधी ठरवलेच नाही. भाव अमुक असा दिसावा, ही अपेक्षा सोडून तो प्रत्येकाच्या देहात कसा दडून बसला आहे, याचा त्यांनी शोध घेतला.

खुर्च्यांमधून वाट

१९७८ च्या मे महिन्यात ‘कॅफे म्युलर’ रंगमंचावर आले. पाऊण तासाची ही कृती बाउश यांची सर्वांत आत्मीय रचना मानली जाते. उपाहारगृहाची रिकामी खोली, इतस्ततः पसरलेल्या टेबल-खुर्च्या, मागे एक फिरते दार. नेपथ्य रोल्फ बोर्झिक यांचे. दोन स्त्रिया पातळ पांढऱ्या वस्त्रांत, डोळे मिटून या खोलीत वावरतात. त्यांपैकी एक स्वतः बाउश. डोळे मिटलेले असल्यामुळे त्या कोणत्याही क्षणी खुर्चीला धडकणार. म्हणून एक पुरुष धावत पुढे जातो आणि त्यांच्या वाटेतील खुर्च्या घाईघाईने बाजूला सारतो. पहिल्या प्रयोगात ही भूमिका बोर्झिक यांनीच केली होती. पार्श्वभूमीला इंग्रज संगीतकार हेन्री पर्सेल यांची सतराव्या शतकातील करुण गाणी.

या एका दृश्याजवळ क्षणभर थांबावे. घरात कोणीतरी डोळे मिटून दुःखातून चालत असते, आणि कोणीतरी न बोलता त्याच्या पुढच्या खुर्च्या सारत असते. मोठा भाऊ धाकट्याची देणी गुपचूप फेडतो, जाऊ जावेचे काम स्वतःवर घेते. पण खुर्च्या सारणारा कधी त्या चालणाऱ्याला थांबवून विचारीत नाही की तू डोळे का मिटले आहेस. त्याचे प्रेम खरे आहे, त्याची धावपळही खरी आहे, आणि तरीही दोघांमधील अंतर तेवढेच राहते.

त्याच प्रयोगात आणखी एक प्रसंग आहे. एक स्त्री आणि एक पुरुष एकमेकांना घट्ट मिठी मारून उभे असतात. तिसरा माणूस येतो आणि त्यांची मिठी सोडवतो. पुरुषाचे हात तो पुढे करून ठेवतो आणि स्त्रीला उचलून त्या हातांवर देतो. हात तिला पेलत नाहीत. ती खाली पडते, लगेच उठते आणि पुन्हा पूर्वीची मिठी मारते. तिसरा माणूस पुन्हा येतो. हे वाढत्या वेगाने इतक्या वेळा घडते, की शेवटी तो निघून गेल्यावरही ते दोघे आपण होऊन तेच करीत राहतात. इतरांनी घालून दिलेली चौकट माणसाच्या अंगात कशी मुरते, हे यापेक्षा थोडक्यात सांगणे कठीण. प्रेक्षक प्रथम हसतात. मग त्यांचे हसू ओसरते.

या प्रयोगाविषयी बाउश यांचा एक अनुभव सांगण्यासारखा आहे. काही काळानंतर ‘कॅफे म्युलर’ पुन्हा करताना त्यांना पूर्वीची भावना सापडेना. हालचाली त्याच, संगीत तेच, डोळेही मिटलेले. पुष्कळ प्रयत्नांनंतर ध्यानात आले की मिटलेल्या पापण्यांआड दृष्टी समोर आहे की खाली, यावर सारे अवलंबून आहे. दृष्टीची योग्य दिशा सापडली आणि हरवलेला भाव परत आला. ज्यांनी कायोत्सर्गात उभे राहून किंवा सामायिकात बसून मिटल्या डोळ्यांनी मन स्थिर करण्याचा प्रयत्न केला आहे, त्यांना या बारीक फरकाचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

दाखवण्याचा कार्यक्रम

त्याच वर्षीच्या अखेरीस आलेली ‘कोन्टाक्टहोफ’ ही कृती एका जुन्या नृत्यदालनात घडते. भिंतींलगत खुर्च्या मांडलेल्या आहेत. एकेक जण उठून पुढे येतो आणि प्रेक्षकांना स्वतःला दाखवतो: समोरून, बाजूने, पाठमोरे, मग दात, मग हात. केस सारखे करतो आणि जागेवर जाऊन बसतो. आपल्याकडे मुलगी ‘पाहण्याच्या’ कार्यक्रमात चहाचा ट्रे हाती घेऊन आलेल्या कोणत्याही स्त्रीला हे दृश्य समजावून सांगावे लागणार नाही. आपण कोणाला तरी आवडावे, या इच्छेत किती आशा आणि किती अपमान एकत्र नांदतात, ते येथे दिसते.

पुढे एका दृश्यात एकटी स्त्री उभी आहे. पुरुष एकेक करून जवळ येतात. कोणी गाल थोपटतो, कोणी केसांवरून हात फिरवतो, कोणी नाक चिमटतो. प्रत्येक स्पर्श वेगळा पाहिला तर मायेचाच. पण ते सारे एकाच वेळी, तिला न विचारता, थांबता न थांबता चालू राहतात, तेव्हा माया आणि छळ यांतील सीमारेषा पुसली जाते. चांगल्या हेतूने केलेल्या गोष्टींचा भार दुसऱ्याच्या मनावर किती पडतो, असा हा प्रश्न आहे. अहिंसेचा सूक्ष्म विचार करणाऱ्या समाजाने तो स्वतःला अवश्य विचारावा.

या कृतीचा पुढचा इतिहास अधिकच हृद्य आहे. २००० साली बाउश यांनी हीच रचना पासष्टीपुढील सामान्य नागरिकांना घेऊन केली. वुपरटालमधील या आजी-आजोबांना नृत्याचा अनुभव नव्हता. नंतर २००८ मध्ये तीच कृती चौदा वर्षांपुढील शाळकरी मुलामुलींनी सादर केली. त्यांच्या तालमींवर निघालेला माहितीपट २०१० मध्ये प्रदर्शित झाला. स्पर्श म्हटला की संकोचणारी, हसू दाबणारी मुले महिनोन्महिन्यांच्या सरावात हळूहळू एकमेकांकडे पाहू लागतात, हे त्यात दिसते. आणि २०२४ मध्ये मूळ संचातील काही कलावंत वृद्धावस्थेत पुन्हा त्याच रंगमंचावर उभे राहिले. त्यांच्या मागे पडद्यावर १९७८ ची त्यांचीच तरुण रूपे हलत होती; जे सहकारी आता हयात नाहीत, त्यांच्या जागा रिकाम्या ठेवल्या होत्या. येथे इंद्राने दुसरी नर्तकी उभी केली नाही. खंड जसा होता तसा दिसू दिला.

वाड्यात जन्मलेली चंद्रलेखा

हा शोध केवळ पश्चिमेकडचाच नव्हे. आज पालघर जिल्ह्यात असलेल्या वाडा या गावी १९२८ साली जन्मलेल्या चंद्रलेखा यांनी आपल्या परंपरेतून याच दिशेने वाटचाल केली. गुजराती पटेल कुटुंबातील ही मुलगी तत्कालीन मद्रासला गेली आणि भरतनाट्यम शिकली. १९५२ मधील त्यांचे अरंगेत्रम रायलसीमेतील दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी योजलेले होते. यमुनेच्या भरलेल्या पाण्याचे वर्णन करणारे पद त्या नाचत होत्या. हातांच्या मुद्रांतून लाटा उमटत होत्या, आणि त्याच क्षणी मनात दुष्काळाने भेगाळलेली जमीन आली. हात पाणी दाखवीत आहेत आणि ज्यांच्यासाठी नाचायचे त्यांच्याकडे प्यायला थेंब नाही, या विसंगतीने त्या आतून थिजल्या. सभेला काहीच जाणवले नाही. नृत्य पूर्ण झाले.

हादेखील खंडच होता. फक्त या वेळी तो पाहणारी स्वतः नर्तकी होती. पुढे बराच काळ त्या रंगमंचापासून दूर राहिल्या. १९८४ साली मुंबईच्या राष्ट्रीय प्रयोगकला केंद्रात पौर्वात्य आणि पाश्चात्त्य नर्तकांचा मेळावा भरला. त्यातून त्या पुन्हा पुढे आल्या, आणि १९८५ मधील ‘अंगिका’ या कृतीने भारतीय नृत्याला नवे वळण दिले. त्यांनी अलंकार आणि हसरे मुखवटे बाजूला ठेवले. योग, कळरिपयट्टू आणि भरतनाट्यम यांतून देहाचे मूळ बळ आणि मनाची एकाग्रता शोधली. भास्कराचार्यांच्या गणितावर त्यांनी ‘लीलावती’ रचली. पिना बाउश यांच्याशी त्यांचे स्नेहसंबंध होते. बाउश यांनी भारतातील अनुभवांवर ‘बांबू ब्लूज’ ही कृती २००७ मध्ये रचली, तेव्हा चंद्रलेखांना जाऊन काही महिनेच झाले होते. ३० जून २००९ रोजी बाउश यांचेही निधन झाले.

बाबूजींची चादर

आता घरचा एक प्रसंग सांगते. सांगावा की नाही, असा संकोच होता. बाबूजींनीच ‘लिहा’ म्हटले म्हणून लिहिते.

नगरच्या कापडबाजारात आमचे दुकान आहे. अडीच वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. तिसऱ्या दिवशी उठावणा झाला आणि चौथ्या दिवशी सकाळी साडेनऊला बाबूजींनी दुकानाचे शटर स्वतः वर केले. मीटरपट्टी हातात घेतली. येणारे-जाणारे म्हणाले, माणूस खंबीर आहे. आम्हीही तसेच समजलो, आणि खरे सांगायचे तर आम्हाला त्याने हायसेच वाटले. दुकान चालू होते, प्रतिक्रमण चालू होते, औषधे वेळेवर घेतली जात होती. बोलणे तेवढे कमी झाले होते. ‘वय झाले’ असे म्हणून आम्ही त्याचा अर्थ लावून टाकला.

माझी मुलगी पुण्याला नृत्य शिकते. दिवाळीच्या सुट्टीत ती संगणकावर ‘कोन्टाक्टहोफ’ करणाऱ्या मुलांचा तो माहितीपट पाहत होती. बाबूजी शेजारी येऊन बसले. परदेशी भाषा, अनोळखी मुले. मला वाटले पाच मिनिटांत उठतील. ते उठले नाहीत. हात दाखवण्याचे दृश्य आले तेव्हा त्यांनी नकळत स्वतःच्या तळहातांकडे पाहिले. मुलीने ते टिपले. माहितीपट संपल्यावर तिने सहज विचारले, “दादाजी, तुमच्या हातांना काय आठवतं?”

मी मनात म्हटले, हा काय विचारायचा प्रश्न झाला! बाबूजी बराच वेळ बोलले नाहीत. मुलगीही बोलली नाही. ती वाट पाहत राहिली. मग ते उठले. खोलीच्या मध्यभागी उभे राहिले आणि दोन्ही हात पसरून, चिमटीत काहीतरी धरल्यासारखे केले. चार पावले पुढे गेले, हात समोरच्या अदृश्य हातांना टेकवले, खाली वाकून दुसरी टोके उचलली, पुन्हा मागे आले. पुन्हा पुढे.

मला क्षणभराने उमगले. ते चादरीची घडी घालीत होते. रोज सकाळी सहा वाजता, अंथरूण आवरताना, सासूबाई एका बाजूला आणि बाबूजी दुसऱ्या बाजूला. बावन्न वर्षे. टोके जुळवायला जवळ यायचे, पुन्हा लांब जायचे. चारचौघांत पतीपत्नीने एकमेकांशी फार बोलण्याची रीत नसलेल्या त्या मोठ्या घरात ती चादर हाच त्यांचा संवाद होता.

चौथ्यांदा ते पुढे गेले आणि तेथेच थांबले. हात पसरलेलेच राहिले. “दुसरं टोक कोणी धरत नाही,” ते म्हणाले. “मी हनुवटीखाली धरून घडी करतो. नीट होत नाही.”

त्या दिवशी बाबूजी रडले. आम्हीही. अडीच वर्षे आम्ही सर्व त्यांच्या पुढच्या खुर्च्या सारीत होतो. डोळे का मिटले आहेत हे कोणी विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझी मुलगी त्यांच्या खोलीत गेली आणि चादरीचे दुसरे टोक धरून उभी राहिली. आता ती पुण्याला असते तेव्हा मी जाते. त्यांचे दुःख त्यामुळे संपले आहे, असे मी म्हणणार नाही. पण ते आता एकट्याचे राहिलेले नाही, आणि जेवताना कधीमधी ते सासूबाईंचे नाव घेतात.

कलेची मर्यादा आणि तिची देणगी

नृत्यनाट्य म्हणजे साधना नव्हे, आणि उपचारही नव्हे. मन खरोखर आजारी असेल तर वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही. साधनेचे ध्येय कषायांपासून मुक्त होणे हे आहे. कला तेथवर नेण्याचा दावा करीत नाही. ती फक्त आत काय आहे ते दाखवते. परंतु जे दिसलेच नाही त्याचा त्याग तरी कसा करणार? आपल्या शास्त्रांनी मनातील सलाला ‘शल्य’ म्हटले आहे आणि जो शल्यरहित तोच खरा व्रती, असे सांगितले आहे. आलोचनेतही दोष मोघमपणे न सांगता नेमका सांगावा लागतो. काटा काढायचा तर तो कोठे रुतला आहे ते आधी पाहावे लागते. पुष्कळदा ते जिभेला ठाऊक नसते, हातांना ठाऊक असते.

बाउश यांच्या तालमीकडून आपल्याला घेण्यासारखे जे आहे, त्याला रंगमंच लागत नाही. एक साधा प्रश्न, त्यामागे उत्तराची घाई नसणे, आणि आलेल्या उत्तरावर निकाल न देणे, एवढ्यावर त्यांचे नृत्यनाट्य उभे राहिले. पर्युषणाच्या अखेरीस आपण शेकडो जणांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. या वर्षी घरातल्या एका माणसापाशी, ज्याचा ताल कधीच चुकत नाही अशा माणसापाशी, थोडा वेळ बसावे. त्याला विचारावे आणि थांबावे. उत्तर शब्दांत येईलच असे नाही. हातांकडे पाहावे.

नीलांजनेच्या सभेत नृत्य तर सर्वांनीच पाहिले होते.